अँटिबायोटिक चालू असलेल्या बाळाला एमआर (गोवर-रुबेलाची लस) द्यायची की परत पाठवायचं?

उपकेंद्र_सिस्टर, बीड जिल्हा

नमस्कार सगळ्यांना. एएनएम (नर्सिंगचा कोर्स) झाल्यावर तीन वर्षं मी एका खासगी दवाखान्याच्या वॉर्डात काढली. आता सात महिने झाले, एका उपकेंद्रावर आहे. एक गोष्ट मनातून जात नाही म्हणून लिहितेय. बोललात तरी चालेल, पण खरं सांगा.

दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारी अंगणवाडीत सत्र होतं. आशाताईंनी ड्यू लिस्टमधल्या (लस द्यायच्या बाळांच्या यादीतल्या) एका आईला शेतातून बोलावून आणलं. मुलगी नऊ महिने बारा दिवसांची. एमआरचा पहिला डोस, न्यूमोकोकलचा बूस्टर, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस आणि व्हिटॅमिन ए, सगळं त्याच दिवशी द्यायचं होतं. मी नेहमीप्रमाणे विचारलं, काही औषध चालू आहे का? आईनं पिशवीतून अमॉक्सिसिलिनच्या सिरपची बाटली काढून दाखवली. खोकला होता म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेली, तिसरा दिवस. बाळाला ताप नव्हता, काखेत थर्मामीटर लावून मी स्वतः बघितलं. अंगावर नीट पीत होती, आशाताईंच्या बांगड्या ओढत होती. तरी मी म्हणाले, "अँटिबायोटिक चालू आहे ना, कोर्स संपू द्या, पुढच्या महिन्यात या."

त्यात आई म्हणाली, "मोठ्याला पेनिसिलिन चालत नाही, हिला चालंल का ही सुई?" ते ऐकल्यावर तर माझा हातच आखडला.

एमआरची वायल, म्हणजे लशीची कुपी, उघडलेली होती. दुसऱ्या एका बाळासाठी अकरा वाजता पातळ केलेली, वर वेळ लिहिलेली. म्हणजे एका बाळासाठी वायल फोडायची का, असाही प्रश्न नव्हता. जाताना आई म्हणाली, "पुढच्या महिन्यात आम्ही कुठं इथं?" ते मी ऐकलं आणि रजिस्टरमध्ये पुढचं नाव शोधायला लागले. आठ दिवसांनी आशाताईंनी सांगितलं, ऊसतोडीची टोळी कारखान्यावर गेली. आता ते घर उघडेल ते उन्हाळ्यातच.

माझं चुकलं का? आणि अ‍ॅलर्जीचं काय करायचं असतं? वॉर्डात आम्ही प्रत्येक इंजेक्शनच्या अँटिबायोटिकआधी टेस्ट डोस द्यायचो. डॉक्टर केसपेपरवर 'ए.एस.टी.' (टेस्ट करूनच द्या) लिहायचे. मनगटाच्या वर कातडीत थोडंसं टोचायचं, पेनानं गोल काढायचा, वीस मिनिटांनी बघायचं. गोल स्वच्छ दिसला की जीव भांड्यात पडायचा. लशीला तसं काहीच नाही. इथं मी एकटी, प्राथमिक आरोग्य केंद्र चौदा किलोमीटरवर. कुणी 'अ‍ॅलर्जी' म्हटलं की मला परत पाठवणंच सुरक्षित वाटतं.

आयसीयू_ब्रदर, पुणे

सिस्टर, आधी सरळ उत्तर देतो. लस द्यायला हरकत नव्हती. साधा सर्दी-खोकला, अंग थोडं कोमट लागणं, चालू असलेलं अँटिबायोटिक, यातल्या कशासाठीही एमआर, पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) किंवा पोलिओ थांबवायची गरज नसते. अमॉक्सिसिलिन बॅक्टेरियावर काम करतं. एमआरमध्ये गोवर-रुबेलाचे अशक्त केलेले विषाणू असतात, त्यांना ते काही करत नाही. तोंडावाटे घ्यायची टायफॉइडची जिवंत लस तेवढी अँटिबायोटिकबरोबर चालत नाही, कारण तिच्यात जिवंत बॅक्टेरियाच असतात. पण ती आपल्या सरकारी लसीकरणात नाही.

टेस्ट डोसबद्दल मात्र मला तुमच्याशी जरा वाद घालायचाय. आमच्याकडं सरसकट टेस्ट डोस बंद झालाय. सेफ्ट्रिआक्सोनसारखं अँटिबायोटिक कातडीत टोचून वीस मिनिटांत काही उठलं नाही, म्हणून पूर्ण डोसलाही काही होणार नाही अशी हमी मिळत नाही. तुमच्या जुन्या दवाखान्यात डॉक्टर ए.एस.टी. लिहीत होते तर ते करणं तुमचं कामच होतं. पण तो स्वच्छ गोल बघून आपण निर्धास्त होतो, औषध ढकलतो आणि पुढच्या बेडकडं जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. खरी नजर ठेवायची वेळ तिथूनच सुरू होते.

आणि 'चालत नाही' या दोन शब्दांबद्दल. आमच्याकडं एका आजोबांच्या फाइलवर लाल शाईनं 'व्हँकोमायसिन अ‍ॅलर्जी' लिहून आलं होतं. मुलाला खोदून विचारलं तेव्हा कळलं, आधीच्या ठिकाणी बाटली जोरात सोडली होती, अर्ध्या तासात संपवली. मान, छाती, चेहरा लालबुंद, नुसती खाज. व्हँकोमायसिन निदान तासभर लावून सावकाश द्यावं लागतं, वेगानं गेलं की असं होतं, आणि बहुतेक वेळा ती अ‍ॅलर्जी नसते. डॉक्टरांनी विचार करून पुन्हा सुरू केलं, आम्ही दोन तास लावून दिलं, काही झालं नाही. त्यांच्या रक्तातल्या जंतूवर तेच औषध चालणार होतं. त्या लाल शाईवर विश्वास ठेवून बसलो असतो तर?

वॉर्डात परत कधी गेलात तर आणखी दोन गोष्टी. २८ दिवसांच्या आतल्या बाळाला कॅल्शियम असलेलं सलाईन, म्हणजे आरएल (रिंगर लॅक्टेट) सुद्धा, चालू असेल किंवा लागणार असेल तर सेफ्ट्रिआक्सोन द्यायचं नसतं. आणि स्नायूत द्यायला लिग्नोकेन या भुलीच्या औषधात पातळ केलेलं सेफ्ट्रिआक्सोन चुकूनही शिरेत जाऊ देऊ नका. सिरिंज भरली की लगेच तिच्यावर लिहा.

निवृत्त_परिचारिका, सातारा

पोरी, तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस. ३४ वर्षं नोकरी झाली, निम्मी वॉर्डात, निम्मी प्राथमिक आरोग्य केंद्रात. तुझं चुकलं. पण तू जे दोन शब्द ऐकून थांबलीस, 'अँटिबायोटिक' आणि 'चालत नाही', तसेच शब्द ऐकून मी एकदा थांबले नव्हते. त्यामुळं तुला रागवायचा अधिकार मला नाही. ते सांगते.

२००६ ची गोष्ट. एका तालुक्याच्या दवाखान्यात फीमेल वॉर्डला होते. पायाला विळा लागून जखम चिघळलेली एक बाई दाखल होती, वय असेल पस्तीस-चाळीस. सेफ्ट्रिआक्सोन चालू होतं, टेस्ट डोस झालेला, गोल स्वच्छ, माझ्याच सहीनं नोंद केलेली. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळचा डोस मी कॅन्युलातून सावकाश दिला, सुई काढली आणि ट्रे उचलला. ती म्हणाली, "सिस्टर, तळहात खाजायलेत." मी म्हणाले, "होतं असं, झोपा." तीन पावलं गेले असेन. तिचा आवाज आला, पण तो तिचा नव्हता. घोगरा, घसा कुणीतरी आवळल्यासारखा. वळून बघितलं तर ओठ सुजलेले, गळ्यावर गांधी, आणि ती उठून बसायचा प्रयत्न करतेय. नाडी हाताला लागेना.

अशा रिअ‍ॅक्शनवरचं इंजेक्शन, अ‍ॅड्रिनॅलिन, काचेच्या कपाटात होतं. कपाटाला कुलूप, किल्ली इन्चार्ज सिस्टरच्या कमरेला, आणि इन्चार्ज सिस्टर स्टोअरला इंडेंट घेऊन गेलेल्या. वॉर्डबॉयनं ऑक्सिजन सिलिंडरच्या पान्यानं काच फोडली. डॉक्टर धावत आले, पहिलं इंजेक्शन मांडीत गेलं, पाय वर केले, सलाईन उघडं सोडलं. बाई वाचली. माझ्या हाताला काच लागलेली मला संध्याकाळी दिसली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ स्टूल घेऊन बसले. म्हटलं, दाखल झालीस तेव्हा मी तुला विचारलं होतं ना, अ‍ॅलर्जी आहे का? तर म्हणाली, "तुम्ही इचारलं, मी न्हाई म्हणले. अ‍ॅलर्जी म्हंजे शिंका येत्यात ती ना? मला न्हाईत येत." मग मी विचारलं, पूर्वी कधी कुठल्या सुईनं अंगावर गांधी उठल्या होत्या का? "उठल्या की. आमच्या गावच्या डॉक्टरनं सुई दिलेली, तवा पित्त उठलं, डोळं सुजलं, परत दोन सुया माराव्या लागल्या."

सगळं तिला माहीत होतं. माझा प्रश्न तिच्या भाषेत नव्हता.

त्या दिवसापासून मी 'अ‍ॅलर्जी आहे का' हा प्रश्न एकटा कधीच विचारला नाही. मी विचारते: कुठल्या गोळीनं, सुईनं, सिरपनं अंगावर पित्त किंवा गांधी उठल्या होत्या का? ओठ-डोळे सुजले होते का? दम लागला, घसा दाटला, चक्कर येऊन पडायला झालं होतं का? औषध घेतल्यावर किती वेळानं? परत दवाखान्यात न्यावं लागलं का? नाव आठवत नसेल तर चिठ्ठी, रिकामं पाकीट, काहीही घरात असेल तर आणायला सांगते. याला दोन मिनिटं लागतात. आणि उत्तर आलं की त्याच शब्दांत केसपेपरवर लिहिते. नुसतं 'अ‍ॅलर्जी' असं लिहीत नाही, 'सुईनंतर थोड्या वेळात गांधी, डोळे सुजले' असं लिहिते. म्हणजे पुढच्या डॉक्टरला ठरवता येतं. या ब्रदरनी सांगितलेल्या आजोबांच्या फाइलवर कुणी 'अर्ध्या तासात दिलं, लाल झाले' एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

आता तुझ्याकडं आलेली ती आई. 'मोठ्याला पेनिसिलिन चालत नाही' म्हणजे काय झालं होतं, हे तू विचारायला हवं होतंस. जुलाब झाले असतील, तर अमॉक्सिसिलिननं जुलाब पुष्कळ मुलांना होतात, त्याला अ‍ॅलर्जी म्हणत नाहीत. विषाणूच्या तापात औषध चालू असताना अंगावर पुरळ येतं आणि नाव औषधाचं होतं, असंही फार वेळा घडतं. अमेरिकेत दहातला एक माणूस आपल्याला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे असं सांगतो. नीट तपासलं तर सगळ्या लोकांत मिळून शंभरातल्या एकालाही ती निघत नाही. म्हणून हे हसण्यावारी न्यायचं असं नाही. माझी ती बाई विसरू नकोस. खोदून विचारायचं, एवढंच.

आणि समजा मोठ्याला खरीच अ‍ॅलर्जी असती, तरी बहिणीच्या लशीचा त्याच्याशी संबंध नव्हता. एक तर भावाची अ‍ॅलर्जी बहिणीची होत नाही. दुसरं म्हणजे आपल्या नेहमीच्या लशींमध्ये पेनिसिलिन नसतंच. एमआरमध्ये निओमायसिन हे अँटिबायोटिक अगदी लेशमात्र असतं, पोलिओच्या इंजेक्शनमध्ये निओमायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, पॉलिमिक्सिन बी यांचा अंश असू शकतो. निओमायसिननं पूर्वी कुणाला श्वास कोंडण्यापर्यंत त्रास झाला असेल तर ती लस आपण द्यायची नाही, मेडिकल ऑफिसरकडं पाठवायचं. निओमायसिनचं मलम लावून कातडी नुसती लाल झाली, खाजली, तर लस चालते.

परत पाठवण्याजोगी कारणं खरंच थोडी आहेत, पण ती पक्की लक्षात ठेव. त्याच लशीच्या मागच्या डोसला जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन आली होती. बाळ खरंच आजारी आहे, तापानं फणफणलंय, पीत नाही, मलूल पडलंय: त्याला लशीआधी डॉक्टर हवेत. आणि एमआरसारखी जिवंत लस असेल तर प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार, कॅन्सरची औषधं, जास्त डोसचे स्टिरॉइड, किंवा गेल्या काही महिन्यांत रक्त चढवलेलं. हे शेवटचं कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. बांगड्या ओढणारं बाळ यात कुठंच बसत नाही गं.

एकटी असतेस, याची भीती मला कळते. लशीनं अशी जीवघेणी अ‍ॅलर्जी होण्याचं प्रमाण साधारण दहा लाख डोसांमागे एखादं आहे. पण ते दहा लाखांतलं एक बाळ तुझ्यासमोर असेल तेव्हा आकडा उपयोगाचा नाही, किट उपयोगाचं. सत्र सुरू करायच्या आधी एईएफआय किट (लशीनंतर त्रास झाला तर लागणारं) उघडून टेबलावर ठेव. बॅगेच्या तळाशी नको. अ‍ॅड्रिनॅलिनच्या अँप्युलची एक्स्पायरी बघ, सिरिंज-सुई जागेवर आहे बघ. वयानुसार किती भरायचं त्याचा तक्ता किटमध्ये असतो. पाठ असला तरी तक्ता बघूनच भर, घाबरलेल्या डोक्याला दशांश चिन्ह दिसत नाही. लस दिल्यावर प्रत्येक आईला अर्धा तास बसव, आणि तुझी नजर जाईल अशा जागी बसव, ओट्याच्या पलीकडं नको.

बाळ एकदम ढिलं पडलं, रडणं घोगरं झालं, श्वासाला शिट्टी वाजतेय, अंगावर गांधी, ओठ सुजले, तर वाट बघायची नाही. अ‍ॅड्रिनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. आडवं निजव, पाय वर. दम लागला असेल तर आईच्या मांडीवर टेकवून धर. आशाताईंना १०८ ला फोन लावायला सांग, तू बाळाजवळून हलू नकोस. पहिला डोस द्यायचा अधिकार तुला आहे, डॉक्टर येईपर्यंत थांबायचं नसतं. आपल्याकडं अजून आधी एव्हिल (अ‍ॅलर्जीचं औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टिरॉइड) शोधतात. खाज त्यानं कमी होईल, पण बंद होत चाललेला श्वास आणि पडलेला बीपी पहिल्यांदा अ‍ॅड्रिनॅलिनच सावरतं. शाळेत मोठ्या मुली टीडीच्या (धनुर्वात-घटसर्पाच्या) इंजेक्शनला चक्कर येऊन पडतात ते वेगळं: नाडी मंद, अंग गार, आडवं केलं की मिनिटा-दोन मिनिटांत शुद्धीवर. रिअ‍ॅक्शनमध्ये नाडी वेगात आणि बारीक असते. नाडीवर बोट ठेवायची सवय असू दे.

आणि एक, तू एमआर पातळ करतेस म्हणून सांगते. २०१८ च्या जुलैमध्ये सामोआ या पॅसिफिक महासागरातल्या बेटांच्या देशात दोन बाळं एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) टोचल्यावर काही मिनिटांत गेली. लशीत खोट नव्हती. पावडर पातळ करायला पाण्याऐवजी भूल देताना स्नायू सैल करायचं औषध भरलं गेलं होतं. दोन सिस्टरना पाच-पाच वर्षांची शिक्षा झाली. लसीकरण कित्येक महिने थांबलं, आयांचा विश्वास उडाला, आणि २०१९ च्या शेवटी तिथं गोवर शिरला तेव्हा ८३ माणसं गेली, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आयएलआरमध्ये (लशींच्या फ्रिजमध्ये) लस आणि तिचं डायल्युअंट (पातळ करायचं पाणी) याशिवाय काहीही ठेवू देऊ नकोस, कुणी कितीही गयावया केली तरी. इन्सुलिन नको, सापाच्या विषावरचं इंजेक्शन नको. डायल्युअंट त्याच कंपनीचं, लशीबरोबर आलेलं. लेबल उचलताना वाच, भरताना वाच, खाली ठेवताना वाच. वेळ लिहितेस ते बरोबर करतेस. चार तास झाले किंवा सत्र संपलं की वायल बाद, आत कितीही डोस उरलेले असोत.

त्या आईला फोन लागतो का बघ.

उपकेंद्र_सिस्टर, बीड जिल्हा

मॅडम, तुमचं लिहिलेलं तीनदा वाचलं. काल रात्री मुकादमाच्या फोनवरून आईशी बोलणं झालं. तुम्ही सांगितलंत तसंच विचारलं. मोठ्याला दोन वर्षांपूर्वी कानासाठी सिरप दिलं होतं, त्यानं दिवसाला सात-आठ वेळा जुलाब झाले. गांधी नाही, सूज नाही, दम नाही. मेडिकलवाला म्हणाला होता, "याला पेनिसिलिन चालत नाही," तेच त्यांनी धरून ठेवलंय. मी आधी माफी मागितली, म्हटलं, त्या दिवशी लस द्यायला हवी होती, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही फोन केला, बास झालं."

सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या कोप्यांवर (ऊसतोडीवाल्यांच्या झोपड्यांवर) आहेत. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेलंय. सिरप चौथ्या दिवशीच थांबवलं, खोकला कमी झाला म्हणून. बाटली जपून ठेवलीय, परत खोकला आला तर द्यायला.

गाडीतळ_सिस्टर, सांगली जिल्हा

ताई, हा धागा वाचत होते, कोप्या म्हटल्यावर लिहायलाच हवं. गाळप सुरू झालं की आम्ही गाडीतळावर वेगळी सत्रं लावतो. ऊसतोडीचे तळ, वीटभट्ट्या, बांधकामाच्या जागा, यांची नावं सूक्ष्म नियोजनात घ्यायचीच असतात. अडचण वेळेची असते. पहाटे चारला माणसं फडात जातात, दुपारी कोपीत म्हातारी नाहीतर आठ-दहा वर्षांची पोर बाळ घेऊन बसलेली. त्यांना मागचं काही सांगता येत नाही. म्हणून आम्ही मुकादमाला विचारून गाडी खाली करून माणसं परत येतात ती वेळ धरतो. दिवस मावळायच्या आत उरकावं लागतं.

कार्ड कुठल्याही जिल्ह्याचं असलं तरी लस मिळते. कार्ड हरवलं असेल तरी परत पाठवत नाही. यू-विनवर (सरकारी लसीकरण पोर्टलवर) नोंद असेल तर मोबाईल नंबरवरून मागचे डोस दिसतात. बाळाचे चारही राहिलेले डोस एका दिवशी देता येतात. एमआर उजव्या दंडात कातडीखाली, न्यूमोकोकल मांडीत, पोलिओचं डाव्या दंडात कातडीत, व्हिटॅमिन ए चमच्यानं. कारखान्याचं आणि मुकादमाचं नाव मला मेसेजमध्ये पाठवा. आमच्या हद्दीत नसेल तर ज्यांच्या हद्दीत आहे त्या सिस्टरला मी स्वतः फोन करते.

एक सांगायचं राहू नये. एमआरचा ताप बहुतेक वेळा त्या रात्री येत नाही. आठवडाभरानं येतो, कधी अंगावर बारीक पुरळही दिसतं. तोवर आई लस विसरलेली असते. मागच्या हंगामात एका बाळाला आठव्या दिवशी असंच झालं. तळावर फिरणाऱ्या एका डॉक्टर म्हणवणाऱ्या माणसानं त्याला तीन दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शनं टोचली. बाळ खेळत होतं, पीत होतं, त्याला वजनानुसार पॅरासिटामॉल आणि आईचं दूध पुरलं असतं. बीसीजीच्या जागेचंही तेच. तीन-चार आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, सुकतो, खूण राहते. आया घाबरतात, कुणीतरी वर अँटिबायोटिकची पावडर भुरभुरतं. त्याला काही लावायचं नसतं. काखेत गाठ वाढत गेली, तर दाखवायचं. आता मी प्रत्येक आईकडून हे परत वदवून घेते: कुठली लस दिली, काय होईल, कधी यायचं, कार्ड कुठं ठेवणार.

निवृत्त_परिचारिका, सातारा

सांगलीच्या सिस्टर, जीव शांत झाला तुमचं वाचून.

बीडच्या पोरी, माफी मागितलीस हे फार चांगलं केलंस. पण ती बाटली माझ्या डोक्यातून जात नाहीये. अमॉक्सिसिलिनची कोरडी पावडर पाण्यात मिसळली की बाटली सातच दिवसांची. त्यानंतर औषधाचा जोर कमी होतो. आणि कोपीत फ्रिज कुठला, वर पत्रा नाहीतर पाचट, दुपारचं ऊन. जानेवारीत खोकला आला की ती आई तीच बाटली हलवून चमचाभर देईल, मोठ्यालाही देईल, आणि समजा न्यूमोनिया असला तर दोन दिवस त्या भरवशावर जातील. तिला दोष नाही. बाटली देताना तिला कुणी सांगितलंच नसणार, की खुणेपर्यंत उकळून गार केलेलं पाणी घालायचं, रोज हलवून द्यायचं, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे, आणि उरलेलं ठेवायचं नाही.

आज परत फोन कर. उरलेलं आता सुरू करायचं नाही, बाटली सत्राच्या दिवशी सिस्टरकडं द्यायची, असं सांग. छाती आत ओढली जात असेल, श्वास भराभर चालला असेल, पिणं सोडलं असेल, तर खोकला थांबायची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना, हेही सांग. तिलाच परत म्हणायला लाव.

उपकेंद्र_सिस्टर, बीड जिल्हा

सांगितलं मॅडम. त्यांनी सगळं परत म्हणून दाखवलं, छाती ओढण्याचं तर दोनदा. सांगलीच्या ताईंचाही फोन आला, तळ त्यांच्याच हद्दीत निघाला, बुधवारी सत्र आहे. आई म्हणाली, मुकादमाला सांगून त्या दिवशी गाडी लवकर सोडून घेते.

आज इथल्या सत्रात किट टेबलावर उघडून ठेवलं होतं. सर्दी झालेली दोन बाळं आली, एकाचं अँटिबायोटिक चालू होतं. विचारलं, बघितलं, दोघांनाही लस दिली आणि माझ्यासमोरच्या सतरंजीवर अर्धा तास बसवलं.